सामना मुलांचा, आवाज मोठ्यांचा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

शाळेच्या क्रिकेट सामन्यात पंच म्हणून उभं राहिलं, की एक हिशेब आपोआप डोक्यात बसतो. मैदानात मुलं तेरा : अकरा क्षेत्ररक्षण करणारी आणि दोन फलंदाज. सीमारेषेबाहेर मोठी माणसं तीस-चाळीस. आणि दिवसभरात जो आवाज कानावर येतो, त्यातला बारा आणे आवाज या तीस-चाळीस जणांचा असतो.

मी तीस वर्षं एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक होतो. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही क्रिकेटची पंचगिरी केली, कबड्डीच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहिलो. मुलांच्या खेळाचा विषय निघाला, की बहुतेक वेळा खेळाडूंच्या शिस्तीबद्दल बोललं जातं. माझा अनुभव असा, की मुलं मागाहून बिघडतात. त्याआधी आसपासची मोठी माणसं बिघडलेली असतात. म्हणून आज बोलायचं आहे ते मुख्यतः मोठ्यांविषयी.

पालकांपासून सुरुवात करू. ऐकणाऱ्यांपैकी अनेकजण पालक असतील, त्यांनी राग मानू नये. सीमारेषेवर उभा असलेला बाप काय करतो? तो मुलाला सूचना देतो. ‘पाय पुढे टाक’, ‘बॅट सरळ धर’, ‘अरे, याला मागे जाऊन खेळ’. सूचना बहुतेक वेळा बरोबरही असतात. पण ताशी नव्वद किलोमीटर वेगानं टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला जेमतेम पाऊण सेकंद लागतो. एवढ्या वेळात मुलानं चेंडू पाहायचा, टप्पा ओळखायचा, पाय हलवायचा, की बाबांचं वाक्य ऐकायचं? त्यात प्रशिक्षकानं आठवडाभर नेमकं उलटं शिकवलेलं असतं. मग मूल एक नवीच गोष्ट शिकतं : प्रत्येक चेंडूनंतर मान वळवून बाबांच्या चेहऱ्याकडे बघणं. असा फलंदाज लांबूनसुद्धा ओळखू येतो. चौकार मारला तरी तो आधी सीमारेषेकडे पाहतो, आणि बाद झाला तरी आधी तिकडेच पाहतो.

याहून अवघड प्रकार सामन्यानंतरचा असतो. तो मैदानावर घडत नाही, स्कूटरवर घडतो. किटची बॅग पुढे, मूल मागे, आणि घर येईपर्यंत सामन्याची उजळणी. ‘तो फुलटॉस कसा सोडलास?’ मागे बसलेल्या मुलाला उतरून जाताही येत नाही. शनिवारी शाळेत ‘सर, उद्या मला खेळवू नका’ म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. खोदून विचारलं तर कारण कधी प्रतिस्पर्धी संघ नसायचा, कधी दुखापत नसायची. कारण असायचं घरी जायचा रस्ता.

पण या बापाला नुसता खलनायक ठरवून भागणार नाही. तो पहाटे उठून मुलाला घेऊन आलेला असतो. बॅट, पॅड, हेल्मेट, बूट, शिकवणीची फी, प्रवास या सगळ्यासाठी त्यानं घरातल्या दुसऱ्या कशाला तरी कात्री लावलेली असते. आणि खेळात आता खरोखरच काही मिळण्याजोगं आहे. २००८ साली आयपीएल सुरू झाली आणि एका लिलावात पोराचं नशीब पालटू शकतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. ते दूरचं झालं. जवळचंही आहे. आपल्या राज्यात वरच्या स्तरावर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. हेतू चांगला. खेळणाऱ्या मुलाचा अभ्यास बुडतो, त्याची थोडी भरपाई व्हावी. पण एकदा प्रमाणपत्राला किंमत आली, की लोक खेळापेक्षा प्रमाणपत्राच्या मागे लागतात. कमी संघ उतरतात अशा खेळांची चौकशी करणारे पालक माझ्याकडे दरवर्षी यायचे. ‘सर, कुठल्या खेळात राज्यापर्यंत लवकर जाता येईल?’ मुलाला कुठला खेळ आवडतो, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात यायचाच नाही.

या बाबतीत एक जुना प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला. रंगीत स्केचपेननं चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर, न सांगता, तेच प्रशस्तिपत्र दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले, या वेळी बक्षिसाचं नाव न काढता. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, त्या मुलांनी इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढण्यात घालवला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे दोष प्रशस्तिपत्राचा नव्हता, ते मिळवण्यासाठीच हे करायचं आहे, या कबुलीचा होता. बारावीनंतर एकाएकी मैदान सोडून देणारी मुलं पाहिली, की मला हे स्केचपेन आठवतात.

प्रमाणपत्राच्या मागे लागलं, की पुढचा दगड लागतो तो वयाचा. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे काही इंच उंची आणि दंडातली निराळीच ताकद. चौदाच्या गटात सोळाचा मुलगा घुसवला, तर त्याला कौशल्याची गरजच पडत नाही. कबड्डीत तर समोरच्या मुलाच्या बरगड्यांचा प्रश्न येतो.

आपल्याकडे जन्मतारखेचा घोळ मात्र नेहमीच लबाडीतून येतो असं नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या आईला तारीख आठवायची नाही, मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात घालून कान धरायला लावायचे आणि हिशेब करून एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यात कोणाला पदक मिळवायचं नव्हतं. आज मात्र जन्माचा दाखला असतोच, आणि खाडाखोड होते ती समजून उमजून होते. एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत नाव घालताना वय दोन वर्षांनी कमी होतं. वर्ष उलटून गेल्यावर जन्माची नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तोही मिळवला जातो.

यावर उपाय म्हणून भारतीय क्रिकेट नियामक मंडळानं २०१२-१३च्या हंगामापासून सोळा वर्षांखालील मुलांसाठी टीडब्ल्यू-३ ही चाचणी आणली. टॅनर आणि व्हाइटहाउस या दोन शास्त्रज्ञांच्या नावांवरून हे नाव पडलं. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. वाढ पुरी होत आली, की ती हाडाशी एकजीव होते. ठरावीक तेरा हाडांमध्ये ही क्रिया कुठवर आली आहे हे पाहून गुण देतात आणि त्यांच्या बेरजेवरून हाडांचं वय काढतात. सतराव्या वर्षाच्या आसपास मुलांच्या हाताची वाढ पूर्ण होते, म्हणून त्यापुढच्या वयाला या चाचणीचा उपयोग नाही.

या चाचणीला एक मर्यादा आहे, ती पालकांनी समजून घ्यायला हवी. ती हाडांचं वय सांगते, जन्मतारीख सांगत नाही. कोणी मुलगा तेराव्या वर्षीच झपाट्यानं वाढतो, कोणी पंधरा उलटली तरी लहानखुराच राहतो. दोघेही निरोगीच असतात. त्यामुळे खरा दाखला असलेला एखादा मुलगाही चाचणीत वयानं मोठा ठरून बाहेर जातो. हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे, आणि तो अन्याय खोटे दाखले आणणाऱ्यांमुळे त्याच्या वाट्याला आला आहे. मंडळानं २०२०मध्ये एक सवलत जाहीर केली : ज्यांनी पूर्वी वय चोरलं असेल त्यांनी आपणहून सांगावं, त्यांना शिक्षा होणार नाही, योग्य गटात खेळता येईल, नंतर पकडले गेले तर दोन वर्षं बंदी.

राहुल द्रविडनं डिसेंबर २०१५मध्ये पतौडी स्मृतिव्याख्यानात या वयचोरीवर फार परखड शब्दांत टीका केली होती. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की आई-वडील आणि प्रशिक्षक मिळून खोटा दाखला बनवताना ज्या मुलानं पाहिले, त्याला पुढे प्रामाणिकपणा कोणी शिकवायचा? मी यात एक भर घालीन. त्या मुलाला रोज खोटं बोलावं लागतं. बरोबरीच्या मित्रांना तो आपली खरी इयत्ता सांगू शकत नाही, वाढदिवस सांगू शकत नाही. एका मुलाला मी सहज विचारलं, ‘बाळा, धाकटी बहीण कितवीत?’ तर तो गडबडला. बहिणीच्या आणि त्याच्या कागदावरच्या वयात चारच महिन्यांचं अंतर उरलं होतं.

आता जिंकणाऱ्यांच्या वागण्याबद्दल. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणला भंडारी करंडकाच्या आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलानं नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाचा १८९९ सालचा नाबाद ६२८चा विक्रम मोडला. साऱ्या जगात बातमी झाली. मुलाचं कौतुक व्हायलाच हवं. इतका वेळ खेळपट्टीवर उभं राहणं सोपं नाही. पण धावफलकाची दुसरी बाजूही पाहा. त्याच्या संघाच्या धावा ३ बाद १४६५, डाव घोषित. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२. त्या शाळेचे नेहमीचे खेळाडू आलेले नव्हते आणि मैदानात उतरलेली बरीच मुलं लहान होती, हे त्या वेळी वर्तमानपत्रांत छापूनही आलं होतं. दोन दिवस ती मुलं चेंडू आणायला धावत होती. पाचशे धावा झाल्यावर, आठशे झाल्यावर, दोन्ही बाजूंच्या मोठ्या माणसांपैकी कोणाच्या मनात आलं असेल का, की आता पुरे? विक्रम जवळ दिसू लागला, की असा विचार करणं कठीण असतं, हे मलाही कळतं.

गंमत पाहा. फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली, तेव्हा उलटं घडलं होतं. आचरेकर सरांचा निरोप होता, की डाव घोषित करा. आणि निरोप देणाऱ्याकडे आम्ही पाहिलंच नाही, असं या दोघांनी नंतर सांगितलं आहे. तिथे मोठा माणूस थांबा म्हणत होता आणि पोरं ऐकत नव्हती. पोरांनी असंच असायचं. थांबा म्हणणारं कोणीतरी असलं म्हणजे झालं.

प्रणवच्या बाबतीत पुढे जे घडलं ते मला त्या हजार धावांहून मोठं वाटतं. मुंबई क्रिकेट असोसिएशननं त्याला दरमहा शिष्यवृत्ती दिली होती. मुलाचा खेळ अपेक्षेप्रमाणे होत नाही, असं पाहून २०१७मध्ये त्याच्या वडिलांनी ती बंद करावी असं पत्र असोसिएशनला लिहिलं. ते रिक्षाचालक आहेत. पालकांच्या वागण्याबद्दल मी इतका वेळ तक्रार करतो आहे, तर हेही सांगायला हवं.

पंचांकडे वळतो. तालुक्याच्या स्पर्धांत पंच म्हणजे बहुधा कुठल्यातरी शाळेचा क्रीडाशिक्षकच. सकाळी तो ज्या मैदानावर शिट्टी वाजवतो, त्याच मैदानावर दुपारी त्याच्या स्वतःच्या शाळेचा संघ उतरणार असतो. सकाळी हरणाऱ्या संघाचे शिक्षक दुपारी त्याच्या संघाचे पंच असणार. अशा वेळी माणूस कितीही सरळ असला तरी त्याच्या प्रत्येक निर्णयाचा दुसराच अर्थ लावला जातो, आणि कधीकधी तो अर्थ खराही असतो. शेजारच्या दोन तालुक्यांनी आपसांत पंचांची अदलाबदल केली तर अर्धी भांडणं कमी होतात. खर्च एसटीच्या तिकिटाचा. तरी हे क्वचितच केलं जातं, कारण आपला पंच आपल्या हाताशी असावा असं वाटणारेही असतात.

नियमांनी पंचाला हत्यारं दिली आहेत. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं मैदानाबाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. क्रिकेटमध्ये असं काही नव्हतं. सभ्य गृहस्थांचा खेळ ना तो! एमसीसीनं २०००च्या नियमावलीत खेळभावनेवर एक प्रस्तावना जोडली. तिनं भागलं नाही, तेव्हा २०१७च्या नियमावलीत बेचाळिसावा नियम खास खेळाडूंच्या वर्तनासाठी लिहिला. त्यात गुन्ह्यांच्या चार पायऱ्या आहेत. पंचाच्या निर्णयावर नाराजी दाखवणं ही पहिली पायरी : आधी ताकीद, पुन्हा केलं तर समोरच्या संघाला पाच धावा. पंचाला शब्दांनी वा हातवाऱ्यांनी दरडावलं, तर खेळाडूला काही षटकांपुरतं बाहेर काढता येतं. मारहाणीची धमकी दिली किंवा अंगाला हात लावला, तर उरलेल्या सामन्यातून बाहेर. आता या सगळ्यात एक मेख आहे. हे नियम खेळाडूंना लागू आहेत. सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या कोणाच्या काकांना पिवळं कार्ड दाखवता येत नाही.

आणि काका कुठवर जाऊ शकतात? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रेडिंग गावी ५ जुलै २००० रोजी लहान मुलांचा बर्फावरच्या हॉकीचा सराव चालू होता. खेळ फार धसमुसळेपणानं चालला आहे, अशी एका मुलाच्या वडिलांची तक्रार होती. देखरेख करणारे गृहस्थही तिथे खेळणाऱ्या मुलांचेच वडील होते. शब्दानं शब्द वाढला, हातघाईवर आलं, आणि देखरेख करणारे गृहस्थ जे खाली पडले ते पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. त्यांची मुलं तिथेच होती. मारणाऱ्याला २००२मध्ये सहा ते दहा वर्षांची शिक्षा झाली. भांडणाचं मूळ काय, तर मुलांनी धसमुसळेपणा करू नये.

आपल्याकडे इतकं टोक गाठलेलं मी पाहिलेलं नाही. पण माझ्याकडे कबड्डी शिकलेली एक मुलगी पंच परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. नजर इतकी तीक्ष्ण, की चढाई करणाऱ्याच्या अंगठ्याचा रेषेला झालेला स्पर्श तिच्या नजरेतून सुटायचा नाही. पहिल्याच हंगामात मुलांच्या एका सामन्यात तिनं बोनस गुण नाकारला. निर्णय बरोबर होता. प्रेक्षकांतून एका पालकानं तिच्या कपड्यांवरून असं काही म्हटलं, की ते इथे सांगता येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे आसपासचे चारजण हसले. आयोजक व्यासपीठावर बसून होते; ते पालक गावातले देणगीदार होते. तिनं सामना पूर्ण केला, गुणपत्रकावर सही केली, शिट्टी माझ्या हातात दिली. पुन्हा ती मैदानावर आली नाही. पंच मिळत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या संघटनांना मी हा प्रसंग सांगतो.

खेळाडूंबद्दल बोलायचं म्हणतो आणि राहून जातं. एकच सांगतो. चौदा वर्षांखालील अंतिम सामना होता, मी स्क्वेअर लेगला. समोरच्या टोकाच्या पंचांनी यष्टिरक्षकाच्या झेलाचं अपील फेटाळलं. शेजारच्या रस्त्यावरून वरात चालली होती, बँड इतक्या जोरात, की बॅटचा आवाज कोणालाच ऐकू आला नसता. फलंदाज हा संघाचा कर्णधार. त्यानं एकवार पंचांकडे पाहिलं, ग्लोव्ह काढले आणि तो तंबूकडे चालू लागला. त्याचा संघ अकरा धावांनी हरला. बक्षीस समारंभात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. जाताना शाळेच्या गाडीत प्रशिक्षक पुढे बसले होते आणि पोरगा शेवटच्या बाकावर एकटा. पुढच्या वर्षी कर्णधार दुसराच होता. त्याच्या शाळेतल्या मुलांनी त्या एका वर्षात खेळभावनेचा जो धडा घेतला, तो एमसीसीच्या प्रस्तावनेनं पुसला जाणार नाही.

मग करायचं काय? नॉर्वेत मुलांच्या खेळासाठी १९८७पासून वेगळी नियमावली आहे. तेरा वर्षांच्या आतल्या मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरवतच नाहीत. आपल्याकडे ते लगेच होणार नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं २००८मध्ये एक मोहीम काढली, तिच्यातली एक गोष्ट मात्र आम्हाला परवडली : प्रेक्षकांनी रेषेपासून मागे, आखून दिलेल्या पट्टीच्या पलीकडे उभं राहायचं.

आम्ही तालुक्याच्या स्पर्धेत मैदानाच्या एकाच बाजूला, रेषेपासून दहा पावलांवर दोरी बांधली. पालक दोरीमागे. टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा, सूचना देणार नाही असं सकाळीच सर्वांसमोर सांगून घेतलं. दोन्ही संघांचे प्रशिक्षक समोरच्या बाजूला. पंचाशी बोलायचं असेल तर फक्त कर्णधारानं. दोरीपाशी उभं राहण्याचं काम दर सामन्याला दोन पालकांकडेच दिलं, एकेका शाळेचा एकेक. हे काम ज्याच्याकडे येई तो स्वतः गप्प राही, असं दिसलं. पहिल्या दिवशी कुरबुर झाली. एका गृहस्थांनी ‘आम्ही काय गुरं आहोत?’ असं विचारलं आणि दोरीखालून आत आले. त्यांना बाहेर नेलं ते त्यांच्याच मुलानं. क्षेत्ररक्षण सोडून आला, हाताला धरून त्यांना मागे सोडलं आणि पळत परत जागेवर गेला. पंचांनी तेवढा वेळ खेळ थांबवला होता. दोरी मंडपवाल्यानं भाडं न घेता दिली. दुसऱ्या वर्षी त्यानं ती स्वतःच येऊन बांधली, आणि खुंट्या आणखी पाच पावलं मागे ठोकल्या.